काटकसर घरात, गळती बाहेर

एप्रिल लागला की केजच्या गल्ल्यांमधून ट्रॅक्टरला जोडलेले पाण्याचे टँकर फिरू लागतात आणि त्याच सुमारास घरोघरी खर्चावरून कुरकुर सुरू होते. ‘रिकाम्या खोलीत पंखा कुणी चालू ठेवला?’, ‘फ्रिज सारखा उघडू नका’, ‘एवढे पाणी कुणी सांडले?’ बोलणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते, कारण महिनाअखेरीला जमाखर्च तिलाच जुळवायचा असतो. बाकीच्यांना तिचे बोलणे कटकट वाटते. उन्हाळ्यातल्या बचतीबद्दल लिहायचे तर त्या कटकटीमागचा हिशेब आधी पाहायला हवा.

माझी अम्मी अनेक वर्षांपासून एका दोनशे पानी वहीत घरखर्च लिहिते. मागच्या उन्हाळ्याची पाने मी स्प्रेडशीटमध्ये भरली. आमच्या पेशातल्या माणसांना ही खोडच असते. किराणा उन्हाळ्यात फारसा वाढत नाही, हे मला आधी खरे वाटले नाही. वाढतात ते तीन रकाने: पाणी, वीज आणि लग्नसराई. टीव्हीवर किंवा मोबाइलवर बचतीच्या म्हणून ज्या युक्त्या सांगतात त्या बहुतेक किराण्याच्या असतात, म्हणजे जिथे आपल्या घरांत आधीच कात्री लागलेली आहे तिथल्या.

पाण्यापासून सुरू करू. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. लातूरसारखे शहर, अंबाजोगाई, कळंब, धारूर आणि खुद्द केज याच धरणाकडे डोळे लावून बसलेले असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडे पडले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याइतकी कुणाला लागू पडत असेल? धरणात पाणी असलेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये टँकर आणि जार यांचा धंदा जोरात असतो. म्हणजे प्रश्न नुसता पावसाचा नाही. धरणातले पाणी माणसाच्या हंड्यापर्यंत कसे आणि किती गळून पोचते, याचाही आहे.

नळाचे पाणी पुरले नाही की घरात तीन प्रकारचे पाणी येते. पाणीपट्टी भरलेले, टँकरचे आणि जारचे. एकाच पाण्याचे पैसे तीनदा. जारचा हिशेब करून पाहा. समजा वीस लिटरचा थंड जार तीस रुपयांना पडतो आणि घरात सात-आठ माणसे आहेत म्हणून रोज दोन लागतात. महिन्याचे अठराशे, चार महिन्यांचे सात हजार दोनशे रुपये झाले. यातले बरेचसे पैसे आपण शुद्धतेसाठी नव्हे, गारव्यासाठी मोजतो. सीलबंद, आयएसआय चिन्ह असलेले पाणी वेगळे आणि उघड्या तोटीच्या जारमधून येणारे गार पाणी वेगळे. दुसऱ्याची तपासणी कुणी केली, हे विकणाऱ्याला विचारून पाहा. त्यापेक्षा कुंभाराकडचा माठ आणि उकळून किंवा गाळणीच्या साध्या फिल्टरमधून काढलेले पाणी काय वाईट? माठाला ओले फडके गुंडाळून वारा लागेल अशा जागी तिवईवर ठेवला की दुपारीही पाणी गार राहते. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून जुना, छिद्रे बुजलेला माठ गार करत नाही. दर उन्हाळ्याला नवा माठ घेणे ही उधळपट्टी नाही.

ज्यांच्याकडे आरओ मशीन आहे त्यांनी मोरीत सोडलेली ती बारीक नळी एकदा बादलीत सोडून पाहावी. एक लिटर पिण्याचे पाणी तयार होताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडते. ते पिण्यालायक नसले तरी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चालते. टँकर विकत घेणाऱ्या घरात ते पाणी गटारात जाताना पाहिले की जीव कळवळतो.

आता घराबाहेर, आपल्याच मशिदीत येऊ. पैगंबर (सल्ल.) एका मुद्द पाण्यात वजू आणि एका साअ पाण्यात गुस्ल करत, असे हदीसमध्ये येते. एक मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, आणि साअ म्हणजे त्याच्या चौपट. आपण काय करतो? तोटी पूर्ण सोडतो, बाह्या वर करतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि मग हात धुवायला सुरुवात करतो. मध्यम मशिदीत पाच नमाजांना मिळून दिवसाला चारशे जण वजू करतात असे धरा. सुटलेल्या नळावर माणशी पाच लिटर सहज जातात, म्हणजे दोन हजार लिटर. तोच वजू दीड लिटरच्या लोट्याने केला तर सहाशे लिटर. रोज चौदाशे लिटर वाचले; पाच हजार लिटरच्या टँकरच्या मापाने चौथ्या दिवशी एक टँकर. उन्हाळ्यात मशिदीसाठी टँकरची वर्गणी मागितली जाते तेव्हा हा हिशेब कुणी मांडताना मी ऐकलेले नाही. शिवाय वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी अंगणातल्या झाडांना किंवा शोषखड्ड्यात वळवायला एक प्लंबर, थोडा पाइप आणि एका दिवसाचे काम पुरते. जुन्या मशिदींतला हौद काढून नळांची रांग बसवली तेव्हा आपण सुधारलो असे आपल्याला वाटले होते.

सार्वजनिक पाण्याचे मोठे काम आपल्याकडे कधी झालेच नाही असे नाही. बीडजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली. जहागीरदार सलाबत खानाने ती बांधून घेतली, काम राजा भास्कर याने केले असे सांगतात, आणि खजिन्यातला पैसा तिच्यावर खर्च झाला म्हणून नाव खजाना. जमिनीखालच्या चरांतून तिचे पाणी शेतांकडे नेलेले आहे. एका मुसलमान जहागीरदाराचा पैसा, एका हिंदू स्थापत्यकाराची बुद्धी आणि पाणी सगळ्यांना. आज या बावडीचे फोटो आपण व्हॉट्सअॅपवर अभिमानाने फिरवतो. पण आपल्या प्रभागाच्या पाण्यासाठी अर्थसंकल्पात किती तरतूद झाली आणि त्यातले किती खर्च झाले, हा माहितीच्या अधिकारातला साधा अर्ज किती जणांनी केला आहे?

विजेकडे वळू. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० युनिटांचा वेगळा असतो. दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. वहन आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क धरले की शंभराच्या पुढचे प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या वर पडते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात, असे पुष्कळ लोक मानतात. तसे नाही. वाढीव दर फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांना लागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात धास्तीने पंखे बंद करून झोपण्यात अर्थ नाही. पण ज्या घराचा वापर दीडशे-दोनशे आहे तिथे वाचलेले प्रत्येक युनिट महागातले असते, हेही खरे.

जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. शंभराच्या वर वापर असेल तर ते दोनशे रुपयांहून जास्त झाले. वापर शंभराच्या आत असेल तर निम्मे. साध्या पंख्यापेक्षा या पंख्याला हजार-बाराशे जास्त पडतात, ते दुसऱ्या उन्हाळ्यात वसूल होतात. मात्र चालू असलेला पंखा काढून हा घेतला तर सगळी किंमत वसूल व्हायला तीन-चार उन्हाळे लागतील. दुकानदार हे सांगणार नाही. पंखा बिघडेल तेव्हा बदला, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या कोरड्या हवेला कूलर चांगला. रात्रभर आठ तास चालला तरी दीड युनिट खातो. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात सात-आठ युनिट ओढतो. पण कूलर लावून खोली बंद करणारे लोक मी दरवर्षी पाहतो. दमट झालेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसता घाम आणतो. तो खिडकीत बाहेरच्या बाजूला लावायचा आणि समोरचे दार किंवा झरोका उघडा ठेवायचा. कूलरला पाणीही लागते, रात्रीला चाळीस-पन्नास लिटर. टँकरच्या घरात हा खर्च वहीत ‘वीज’ म्हणून नाही तर ‘पाणी’ म्हणून चढतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बोअरच्या जड पाण्याने जाळ्यांवर क्षार बसतो. आठवड्याला टाकी रिकामी करून धुतली तर जाळ्या हंगाम काढतात, आणि डासही होत नाहीत.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र पंख्याचा नाही, छपराचा आहे. आपल्या वाडवडिलांची घरे माळवदाची होती. लाकडी सर, त्यावर माती, जाड भिंती. दुपारी बाहेर आग पेटलेली असताना आत डोळा लागायचा. माळवद गळते, दरवर्षी माती टाकावी लागते, माणसे मिळत नाहीत, म्हणून आपण पत्रे घातले आणि ऐपत असलेल्यांनी स्लॅब टाकला. त्याची किंमत दर उन्हाळ्याला विजेच्या बिलात फेडतो. परत माळवदाकडे जा असे म्हणण्यात काही अर्थ नाही. पण स्लॅबवर चुन्याचे दोन जाड हात देणे दोन-तीन पंख्यांच्या बदल्यापेक्षा स्वस्त आहे, आणि खोलीत पाय ठेवताच फरक कळतो. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे पांढरा ऑइलपेंट, किंवा तेही परवडत नसेल तर वर कडबा वा उसाच्या पाचटाचा थर, वाऱ्याने उडू नये म्हणून बांधून. पाचट घातले तर चुलीची ठिणगी आणि विजेची लोंबती वायर यांच्यावर नजर हवी. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम झाले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. मराठवाड्यातली छोटी गावे हे का मागत नाहीत? रस्त्याच्या कमानीपेक्षा चुन्याचे पोते स्वस्त असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या सोलरला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा हजार, असे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजारांचे अनुदान आहे. एक किलोवॉटचा संच दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. स्वतःचा स्लॅब आणि स्वतःच्या नावाचे मीटर असेल त्यांनी जरूर विचार करावा. भाड्याने राहणारा आणि पत्र्याखाली राहणारा यात बसत नाही, आणि आपल्या मोहल्ल्यांत तेच जास्त आहेत.

त्यांच्या दारात वेगळी योजना येते: शून्य टक्के व्याजाने कूलर, फ्रिज. व्याज नाही म्हणून आपल्यातल्या दीनदार माणसालाही ते हलाल वाटते. प्रोसेसिंगचे पैसे, रोख घेणाऱ्याला मिळणारी आणि आपल्याला न मिळालेली सूट, हप्ता चुकल्यावरचा दंड, हे सगळे मिळवून पाहा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही प्रत्यक्षात नसते, ते दुसऱ्या नावाने वसूल होते. कूलर मेमध्ये घेऊ नका. पाऊस पडल्यावर घ्या, आणि त्यासाठी आतापासून भिशी लावा.

भिशीवर थोडे जास्त बोलतो, कारण या लेखात मला सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटते. नवी शाळू ज्वारी, नवी तूर आणि गहू बाजारात येतात तो काळ फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षाचे धान्य तेव्हा भरले तर स्वस्त पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकरकमी पैसे असतात कुणाकडे? म्हणून ज्याच्याकडे कमी आहे तो दर महिन्याला किराण्यातून किलोने, चढ्या भावाने घेतो. गरिबाचे धान्य श्रीमंताच्या धान्यापेक्षा महाग असते ते असे. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी जूनपासून दरमहा ठरावीक रक्कम टाकली आणि फेब्रुवारीत एकत्र पोती घेतली, तर ना व्याज, ना उधारी. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, उन्हे दाखवून कणगीत वा पत्र्याच्या कोठीत ठेवायचे, हे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. शेवया, कुरडया, पापड त्या एकत्र बसून करतातच. त्या एकत्र बसण्यातच भिशीची वही ठेवता येईल. हिशेब दोघींनी लिहावा आणि दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवावा. भिशी बुडते ती बहुधा एकाच माणसाच्या हातात वही असल्यामुळे.

धान्याचा विषय निघाला म्हणून रेशनही. बीडसह चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना पूर्वी स्वस्त गहू-तांदूळ मिळत. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये, नंतर एकशे सत्तर रुपये खात्यात देण्याचे ठरले. एकशे सत्तर रुपयांत आज पाच किलो धान्य येते का, हे किराणा दुकानात जाऊन पाहावे. ज्यांचे खाते आधारशी जोडलेले नाही त्यांना तेवढेही नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या एखाद्या मुलाने शनिवार-रविवारी बसून दहा घरांची कागदपत्रे नीट करून दिली, तर ती बचत कुठल्याही युक्तीपेक्षा मोठी ठरेल.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यात आपलीही पुष्कळ घरे आहेत. सहा महिने बंद असलेल्या घराचे वीजबिल शून्य येत नाही. वापर नसला तरी स्थिर आकार साचत जातो आणि आल्या आल्या थकबाकीची नोटीस दिसते. जाताना शेजाऱ्याकडे दरमहा भरायला थोडे पैसे ठेवून गेले तर हे टळते. पण उचल घेऊन निघणाऱ्याला असे पैसे मागे ठेवता येत नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांनीच काही करावे लागेल.

लग्नाबद्दल थोडक्यात. मेमधल्या दुपारच्या मांडवात हजार माणसांना जेवण, पंखे-कूलरचे भाडे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके, यातून जे कर्ज होते ते वहीतले बाकी सगळे रकाने गिळून टाकते. असरनंतर मशिदीत निकाह आणि घरच्या माणसांत वलिमा, याला आता आपल्यातली काही घरे तयार होत आहेत. पहिले पाऊल मुलाकडच्यांनी टाकायचे असते. मुलीच्या बापाने ते टाकले तर लोक त्याला कंजूष म्हणतात.

आणि काही ठिकाणी बचत करायची नाही. सूरह फुरकानमध्ये उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधली वाट सांगितली आहे, तिचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. पत्र्याखालच्या चुलीपुढे दुपारी बाराला पंखा न लावता भाकऱ्या थापणारी बाई अर्धे युनिट वाचवते आणि चक्कर येऊन पडली तर दवाखान्यात दोन हजार जातात. स्वयंपाक सकाळी सातच्या आत उरका, डाळ रात्री भिजत घाला म्हणजे गॅसही कमी लागतो, आणि दुपारी चूल बंद. म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या खोलीतला पंखा बंद करू नका. उन्हातून आलेल्याला लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. कैरीचे पन्हे, ताक चांगलेच. माणूस बरळायला लागला, अंग तापले आणि घाम थांबला तर मात्र घरात काही करत बसू नका, ओले कापड घालून थेट दवाखाना.

येत्या जुम्म्यापासून मोहल्ल्याच्या मशिदीत एक प्रयोग करायचे ठरले आहे. टाकीच्या पाइपवर पाण्याचे मीटर बसवायचे, तोट्यांपाशी लोटे ठेवायचे आणि नमाजच्या वेळांच्या फळ्यावर सर्वांत खाली एक ओळ खडूने लिहायची: काल किती लिटर. पहिले दोन आठवडे लोटे ठेवणार नाही, म्हणजे आधीचा आकडाही हातात येईल. फळा लिहायचे काम मुअज्जिन साहेबांनी घेतले आहे.